‘पेटंटेड’ लिहिलेला माल घेण्याआधी: खेड्यातल्या ग्राहकानं करायची पडताळणी

मृग जवळ आला की विदर्भातल्या गावांतून जाहिरातीच्या गाड्या फिरू लागतात. भोंग्यावर टॉनिक, बियाणं, फवारणीचा पंप, रानडुकराला नि रोह्याला रोखणारं झटका मशीन. आठवडी बाजारात गुडघ्याचं तेल. मोबाइलवर खारं पाणी गोडं करणारी नळकांडी आणि विजेचं बिल निम्मं करणारी डबी. यातल्या बऱ्याच पत्रकांवर एक शब्द ठळक छापलेला असतो: ‘पेटंटेड’. शेजारी सोनेरी शिक्का आणि किंमत साध्या मालाच्या दीडपट-दुप्पट.

हा शब्द खरा आहे की खोटा, आणि खरा असला तरी त्याचा आपल्याला उपयोग काय, हे घरबसल्या तपासता येतं. मोबाइल, नेट आणि अर्धा तास एवढंच लागतं. ज्यांनी हे कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी इथं क्रमानं दिलं आहे.

आधी शब्दाचा अर्थ

पेटंट हा दुसऱ्याला अडवण्याचा हक्क आहे. शोध लावणारा आपली युक्ती सगळ्यांना कळेल अशी लिहून देतो. त्या बदल्यात अर्ज केल्याच्या तारखेपासून २० वर्षं ती वस्तू त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कोणाला बनवता किंवा विकता येत नाही. भारतात हे १९७० च्या पेटंट कायद्यानं चालतं.

सातबाऱ्याशी ताडून पाहा. सातबाऱ्यावरून जमीन कोणाच्या नावावर आहे ते कळतं. मातीचा कस, विहिरीचं पाणी किंवा यंदाचा उतारा त्यावरून ठरत नाही. पेटंटचं तसंच आहे. पेटंट कार्यालयातला परीक्षक तीन गोष्टी पाहतो. ही वस्तू जगात आधी कुठे होती का? त्या विषयातल्या जाणकाराला ती सहज सुचली असती का? उद्योगात तिचा वापर होऊ शकतो का? हे सगळं तो कागदांवरून ठरवतो. पंप चालवून पाहत नाही, टॉनिक पऱ्हाटीवर मारून बोंडं मोजत नाही, तेल कोणाच्या गुडघ्याला लावत नाही. माल टिकाऊ आहे, सुरक्षित आहे, किंमत वाजवी आहे, दुसऱ्यापेक्षा सरस आहे, यातलं काहीच पेटंटमधून सिद्ध होत नाही. त्यामुळे ‘सरकारमान्य पेटंट’ असं कोणी म्हणालं, तर सरकारनं मालाची गुणवत्ता मान्य केली असा अर्थ घेऊ नका.

दिलेलं पेटंटही चुकीचं निघू शकतं. हळदीनं जखम भरते, या आपल्या घराघरातल्या गोष्टीवर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिलं गेलं होतं. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनं जुन्या ग्रंथांचे पुरावे मांडले आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं.

पायरी १: क्रमांक मागा

पडताळणीची सुरुवात क्रमांकापासून होते. क्रमांक मिळाला नाही तर पुढच्या पायऱ्या अवघड होतात, म्हणून इथं संकोच करू नका. एजंटला किंवा कंपनीच्या ग्राहक सेवेला लेखी, म्हणजे व्हॉट्सॲपवर, असं विचारा:

‘तुमच्या पत्रकावर पेटंटेड लिहिलं आहे. कृपया पेटंटचा क्रमांक, देश, पेटंट कोणाच्या नावावर आहे, आणि मालाच्या नेमक्या कोणत्या भागावर आहे ते कळवा.’

तोंडी विचारलं तर ‘आहे ना, दिल्लीहून आहे’ एवढंच उत्तर मिळतं. लेखी विचारल्यावर उत्तर आलं तरी आणि नाही आलं तरी तुमच्या हाती पुरावा राहतो.

खऱ्या पेटंटधारकाला क्रमांक लपवण्याचं कारण नसतं, उलट छापण्यात त्याचाच फायदा असतो. कायद्याच्या कलम १११ नुसार मालावर नुसता ‘पेटंट’ शब्द असेल आणि क्रमांक नसेल, तर नक्कल करणारा ‘मला माहीत नव्हतं’ असं म्हणून नुकसानभरपाईतून सुटू शकतो. क्रमांक द्यायला टाळाटाळ होत असेल तर तिथंच थांबणं शहाणपणाचं.

क्रमांकाऐवजी प्रमाणपत्राचा फोटो आला, तर तो कशाचा आहे ते नीट वाचा. चार कागद एकमेकांच्या नावानं खपवले जातात.

पहिला कागद अर्ज भरल्याची पावती. ती पेटंट नव्हे. दुसरा डिझाइन नोंदणीचं प्रमाणपत्र. डिझाइन म्हणजे वस्तूचं फक्त रूप: बाटलीचा आकार, पंपाच्या टाकीची घडण. आतलं यंत्र कसं चालतं याच्याशी त्याचा संबंध नसतो. भारतात ती नोंदणी १० वर्षांची असते, पुढे ५ वर्षं वाढवता येते. क्रमांकाच्या शेवटी -००१ अशी जोड दिसली तर बहुतेक डिझाइनच समजा. तिसरा ट्रेडमार्क, म्हणजे नाव आणि चिन्ह. नावाशेजारी ‘टीएम’ ही अक्षरं तर नोंदणी न करताही लावता येतात. चौथा खरं पेटंट प्रमाणपत्र: हिंदी-इंग्रजी दोन्हीत, पेटंट क्रमांक, अर्ज क्रमांक, अर्जाची तारीख, आणि खाली दरवर्षीच्या नूतनीकरण शुल्काची टीप.

नागपुरी संत्रं, वायगावची हळद, भिवापुरी मिरची यांना मिळालेलं भौगोलिक मानांकन हेही पेटंट नव्हे. ते त्या मुलखाच्या उत्पादकांचं सामाईक नाव आहे. ‘पेटंटेड वायगाव हळद’ असं पाकिटावर दिसलं तर लिहिणाऱ्यानं दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी केली आहे.

पायरी २: क्रमांक वाचा

भारतातल्या अलीकडच्या अर्जाचा क्रमांक १२ आकडी असतो आणि तो नुसता पाहूनच बरंच कळतं. पहिले चार आकडे अर्जाचं वर्ष. पाचवा आकडा कार्यालय: १ दिल्ली, २ मुंबई, ३ कोलकाता, ४ चेन्नई. सहावा अर्जाचा प्रकार: साध्या अर्जाला १, आंतरराष्ट्रीय करारातून भारतात आलेल्याला ७. उरलेले सहा अनुक्रमांक. म्हणजे २०२४२१ नं सुरू होणारा क्रमांक हा २०२४ साली मुंबई कार्यालयात केलेला साधा अर्ज. महाराष्ट्रातल्या अर्जदाराचा अर्ज मुंबईलाच जातो. नागपुरात बौद्धिक संपदेची राष्ट्रीय प्रशिक्षण संस्था आहे, पण विदर्भाचे अर्जही येतात ते मुंबई कार्यालयाच्या कार्यक्षेत्रात.

लोक फसतात ते नेमके इथं. १२ आकडी क्रमांक हा अर्जाचा असतो. पेटंट मंजूर झालं की त्याला वेगळा क्रमांक मिळतो, आणि तो सध्या सहा आकडी आहे. पत्रकावर फक्त १२ आकडी क्रमांक असेल तर मंजुरी मिळाली की नाही हे अजून कळलेलं नाही.

‘पेटंट पेंडिंग’ किंवा ‘पेटंट अप्लाइड’ याचा अर्थ अर्ज केला आहे, इतकाच. व्यक्तीला ऑनलाइन अर्जाचं शुल्क १,६०० रुपये आहे, मोठ्या कंपनीला ८,०००. कच्चा, म्हणजे तात्पुरता अर्जही चालतो. त्यानंतर १२ महिन्यांत पूर्ण मसुदा दिला नाही तर तो बाद होतो. मार्च २०२४ नंतरच्या अर्जांत ३१ महिन्यांच्या आत तपासणीची मागणी करावी लागते, नाहीतर अर्ज मागे घेतला असं धरतात. मालावर ‘पेंडिंग’ चार-पाच वर्षं तसंच छापलेलं असेल, तर अर्ज मधेच मेला असण्याची शक्यता तपासायलाच हवी.

परदेशी क्रमांकाची अक्षरंही बोलतात. अमेरिकेच्या क्रमांकाअखेर ‘बी१’ किंवा ‘बी२’ असेल तर पेटंट मंजूर. ‘ए१’ असेल तर नुसता प्रसिद्ध झालेला अर्ज. सुरुवातीला ‘डी’ असेल तर डिझाइन. ‘डब्ल्यूओ’नं सुरू होणारा क्रमांक आंतरराष्ट्रीय अर्जाचा असतो, ‘आंतरराष्ट्रीय पेटंट’ किंवा ‘जागतिक पेटंट’ अशी वस्तू जगात नाही, पेटंट देशागणिक घ्यावं लागतं. चीनच्या क्रमांकाअखेर ‘यू’ असेल तर ते लहान प्रकारचं पेटंट, जे नवेपणाची सखोल तपासणी न करता दिलं जातं.

पायरी ३: सरकारी नोंदीत शोधा

आयपी इंडिया या सरकारी संकेतस्थळावर पेटंट विभागात ‘इनपास’ नावाची शोधसोय आहे. ती फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही. पान मोबाइलसाठी नीट बसवलेलं नाही, म्हणून ब्राउझरमध्ये ‘डेस्कटॉप साइट’ निवडा. नाहीतर खालची बटणं दिसतच नाहीत. जमत नसेल तर सेतू केंद्रावर किंवा कॉलेजात शिकणाऱ्या पोरापोरींकडून करून घ्या.

वर तीन कप्पे दिसतील: पेटंट सर्च, पेटंट ई-रजिस्टर, ॲप्लिकेशन स्टेटस.

अर्ज क्रमांक असेल तर ‘ॲप्लिकेशन स्टेटस’मध्ये टाका, कॅप्चाची, म्हणजे शेजारच्या चित्रातली वेडीवाकडी अक्षरं जशी लहान-मोठी दिसतात तशीच भरा. पानाच्या शेवटी स्थिती येते. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे नाकारला. ‘अबॅन्डन्ड’ किंवा ‘विथड्रॉन’ म्हणजे अर्ज सोडला वा मागे घेतला गेला. या दोन्हीनंतरही पत्रकावर ‘पेटंट’ छापलेलं सापडलं तर ते पान तारखेसह मोबाइलमध्ये जपून ठेवा.

पेटंट क्रमांक असेल तर ‘ई-रजिस्टर’ उघडा. तिथं पेटंट जिवंत आहे का ते कळतं. तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी नूतनीकरण शुल्क भरावं लागतं. न भरल्यास हक्क संपतो. ‘सीझ्ड’ म्हणजे शुल्काअभावी बंद पडलेलं, ‘एक्स्पायर्ड’ म्हणजे २० वर्षं पूर्ण झालेलं.

क्रमांक मिळालाच नाही तर ‘पेटंट सर्च’मध्ये नावावरून शोधा. ‘पब्लिश्ड’ आणि ‘ग्रँटेड’ या दोन्ही चौकटींवर खूण करा. ब्रँडचं नाव टाकून काही सापडत नाही, कारण पेटंट कंपनीच्या कायदेशीर नावावर किंवा मालकाच्या वैयक्तिक नावावर असतं. कंपनीचं खरं नाव डब्यावर ‘उत्पादक’ या शब्दापुढे बारीक अक्षरात असतं, ते घ्या. स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी टाकून पाहा. तरीही काही मिळालं नाही तर लगेच ‘खोटं आहे’ म्हणू नका: सर्वसाधारणपणे अर्ज १८ महिने गुप्त राहतो आणि मगच प्रसिद्ध होतो. पण तोवर तो फक्त अर्जच आहे, हेही तितकंच खरं.

परदेशी क्रमांक गूगल पेटंट्सवर टाकला की पानावर स्थिती आणि मसुदा दोन्ही दिसतात.

पायरी ४: पेटंट नेमकं कशावर आहे ते वाचा

हीच पायरी सगळ्यात जास्त वेळा वगळली जाते, आणि बहुतेक फसवणूक इथंच लपलेली असते. क्रमांक खरा, नाव खरं, पेटंट जिवंत. पण ते जाहिरातीतल्या दाव्यावर नसतंच.

पेटंटच्या मसुद्यात शेवटी ‘क्लेम्स’ नावाचा भाग असतो, त्यांना आपण हक्कदावे म्हणू. हक्क चालतो तो फक्त या ओळींपुरता. आधीची पंचवीस पानं कितीही भारी असोत, पहिला हक्कदावा वाचा. इंग्रजी जड वाटलं तर भाषांतराचं ॲप वापरा आणि त्यातल्या नामांखाली रेघ ओढा: टाकी, झडप, स्प्रिंग, झाकण.

समजा, १६ लिटरच्या बॅटरी पंपाची जाहिरात म्हणते, ‘पेटंटेड तंत्रज्ञान, औषधाची ४० टक्के बचत’. पहिला हक्कदावा काढला तर तो पाठीवरच्या पट्ट्याच्या हुकाबद्दल निघतो. हुक नवा असेल, चांगलाही असेल. औषधाची बचत मात्र नोझलच्या थेंबाच्या आकारावर, दाबावर आणि फवारणाऱ्याच्या चालीवर ठरते, आणि त्याबद्दल त्या पेटंटमध्ये एक अक्षर नाही.

म्हणून वहीत दोन रकाने करा. डावीकडे जाहिरातीतला प्रत्येक दावा, उजवीकडे हक्कदाव्यातले भाग. डावीकडचं जे उजवीकडे सापडत नाही, त्याला पेटंटचा आधार नाही. आणखी एक पाहा: तुमच्या हातातल्या वस्तूत तो भाग खरोखर आहे का? पेटंट महागड्या मॉडेलवर आणि शिक्का सगळ्या मॉडेलांवर, असंही होतं.

भारतात ज्याला पेटंट मिळतच नाही

कायद्याच्या कलम ३ मध्ये कशाला पेटंट देऊ नये त्याची यादी आहे. ती माहीत असली तर काही जाहिराती वाचतानाच गळून पडतात.

शेती किंवा फळबाग करण्याची पद्धत पेटंटपात्र नाही. ‘आमची पेटंटेड लागवड पद्धत शिका, फी अमुक’ असं कोणी सांगत असेल तर त्याला भारतीय क्रमांक विचारा. माणसावर किंवा जनावरावर उपचार करण्याची पद्धत नाही. बियाणं, वाण, झाड, जनावर नाही. माहीत असलेले पदार्थ नुसते एकत्र कालवले आणि त्यातून प्रत्येकाच्या गुणांच्या बेरजेपलीकडे नवं काही झालं नाही, तर ते मिश्रणही नाही. ‘१६ घटकांचं पेटंटेड मिश्रण’ ऐकलं की हे आठवा. परंपरेनं माहीत असलेलं ज्ञान नाही. निसर्गनियमाच्या उघड विरुद्ध असणारं यंत्र नाही, म्हणून ‘डिझेल-विजेविना कायम चालणारी मोटार’ हा प्रश्नच मिटतो.

गुडघ्याच्या तेलावर आणि काढ्यांवर एक वेगळाच घोळ आहे. औषधांच्या १९४० च्या कायद्यात ‘पेटंट किंवा प्रोप्रायटरी औषध’ असा शब्दप्रयोग आहे. आयुर्वेदाच्या बाबतीत त्याचा अर्थ इतकाच, की घटक प्रमाणग्रंथांतल्या पाठांमधले आहेत, पण ही बनावट ग्रंथात जशीच्या तशी दिलेली नाही, कंपनीची स्वतःची आहे. ‘आयुर्वेदिक प्रोप्रायटरी मेडिसिन’ या ओळीचा पेटंट कार्यालयाशी काही संबंध नाही. तिथं पाहायचा तो उत्पादन परवान्याचा क्रमांक. आणि साखर, मोतीबिंदू, कर्करोग अशा आजारांवर इलाज असल्याची जाहिरात करायलाच १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यानं मनाई आहे, पेटंट असो वा नसो.

पेटंट बाजूला ठेवून काय तपासायचं

क्रमांक खरा निघाला तरी खरेदीचा निर्णय दुसऱ्याच कागदांवर करायचा असतो. मालागणिक ते वेगळे.

*बियाणं.* कपाशीची गोष्ट विदर्भाला नव्यानं सांगायला नको, पण पेटंटच्या नजरेनं ती पुन्हा पाहण्यासारखी आहे. बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला मारणारा जिवाणूचा गुण घातलेल्या वाणाला, भारतात २००२ साली परवानगी मिळाली. दुसऱ्या पिढीच्या बीटी तंत्रावर भारतात पेटंट क्रमांक २१४४३६ होतं. त्याची मुदत २०१९ मध्ये संपली. ते जिवंत असतानाच गुलाबी बोंडअळी त्या तंत्राला सरावली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भाची कपाशी तिनं पोखरली. बिगर-बीटीच्या ओळी न लावणं, फरदड (हंगाम संपल्यावरही उभी राखलेली कपाशी) ठेवणं, एकाच प्रकारचं बियाणं सगळीकडे असणं यातून अळीची प्रतिकारशक्ती वाढते. पेटंटच्या कागदाला अळी जुमानत नाही. पिशवीवर लॉट क्रमांक, उगवणशक्ती, चाचणीची तारीख आणि वैधता पाहा. वाणाची नोंदणी हे पेटंट नव्हे. ती २००१ च्या पीक वाण संरक्षण कायद्यानं होते, आणि नोंदलेल्या वाणाकडून अपेक्षित कामगिरी काय, हे विकणाऱ्यानं कास्तकाराला सांगायचं असतं. ती नाही मिळाली तर भरपाईची मागणीही त्याच कायद्यात आहे. तेव्हा अपेक्षित उतारा, कोणत्या परिस्थितीत, हे लेखी मागा.

*फवारणीचं औषध.* लेबलवर केंद्रीय नोंदणीचा क्रमांक, विषारीपणाचा त्रिकोण (लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा), आणि लेबल क्लेम: कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, किती मात्रा. तुमचं पीक त्यात नसेल तर घेऊ नका. ‘पेटंटेड म्हणून निर्धोक’ हे वाक्य तर कानावरही घेऊ नका. यवतमाळ जिल्ह्यानं २०१७ मध्ये फवारणीतल्या विषबाधेचे मृत्यू पाहिले आहेत. हातमोजे, मास्क आणि वाऱ्याची दिशा यांना पर्याय नाही.

*टॉनिक.* जैव-उत्तेजकं २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली. डब्यावर घटक, त्यांचं प्रमाण, पीक आणि मात्रा हवी. मग घरचा प्रयोग करा, हाच सगळ्यात भरवशाचा. एकाच वावरात, सारख्या जमिनीत, चार ओळींवर टॉनिक आणि शेजारच्या चार ओळींवर तेवढंच साधं पाणी फवारा. असं तीन ठिकाणी करा, म्हणजे एखाद्या पट्ट्याची चांगली माती फसवणार नाही. खुंट्या ठोकून ठेवा. पहिल्या आणि दुसऱ्या वेच्याला दोन्हींचा कापूस वेगळा तोला. तिन्ही ठिकाणी एकाच बाजूनं फरक आला आणि त्या फरकाची किंमत डब्याच्या किमतीहून जास्त असली, तरच पुढच्या वर्षी घ्या. ‘पानं हिरवीगार झाली’ हा पुरावा नव्हे. थोड्या युरियानंही पानं हिरवी होतात.

*खारं पाणी गोडं करणारी नळकांडी.* अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात यांचा मोठा बाजार आहे. पाइपला चुंबक लावल्यानं पाण्यात विरघळलेलं मीठ कुठे जात नाही. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं छोटं यंत्र, आणायला सांगा, एकाच बादलीतल्या पाण्याचं मशीनआधी आणि मशीननंतर मोजा. आकडा तोच राहिला तर मीठ तेवढंच आहे. विक्रेता म्हणेल, ‘मीठ तेच, पण त्याची रचना बदलते.’ मग दोन्ही पाण्यांचे नमुने माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत द्या. आपल्याकडे जमिनीला मारक ठरतो तो सोडियम, त्याचा आकडा अहवालात येतो.

*वीज बचतीची डबी.* आत बहुतेक वेळा लहान कपॅसिटर असतो. घरगुती मीटर युनिट मोजतो, आणि कपॅसिटरनं घरातली युनिटं घटत नाहीत. शेतीपंपाच्या स्टार्टरला योग्य मापाचा कपॅसिटर लावणं हे मात्र खरोखर उपयोगाचं: तारांतला करंट कमी होतो, व्होल्टेज सावरतं. तो साध्या इलेक्ट्रिकल दुकानात मिळतो, त्याला पेटंटची किंमत मोजायची गरज नाही.

*झटका मशीन.* इथं चुकलं तर जीव जातो. मशीननं तारेत क्षणभराचे झटके सोडायचे असतात, दोन झटक्यांमध्ये निदान एका सेकंदाचं अंतर ठेवून, आणि झटक्याची ऊर्जा आंतरराष्ट्रीय मानकानुसार ५ ज्यूलच्या आत. हा आकडा लेबलवर नसेल तर मशीन घेऊ नका. अर्थिंगच्या सळया नीट ओल्या जमिनीत हव्यात. नसल्या तर झटका लागत नाही, आणि मग लोक थेट लाइनची वीज तारेत सोडतात. ते बेकायदा आहे, आणि त्यात माणसं, बैलं मेलेली आहेत.

मोटार, केबल, हीटर अशा वस्तूंवर आयएसआय चिन्ह असेल तर त्याखालचा ‘सीएम/एल’ परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून पाहा. या चिन्हामागे नमुन्यांची चाचणी असते. आपल्या कामासाठी ते पेटंटपेक्षा कितीतरी मोलाचं.

एक उलट उपयोगही सांगायला हवा. पेटंट संपलेलं दिसलं तर ती ग्राहकासाठी चांगली बातमी असते, कारण तोच माल आता कोणीही बनवू शकतो. साखरेवरच्या एम्पाग्लिफ्लोझिन या औषधाचं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं आणि लगेच अनेक कंपन्यांच्या बऱ्याच स्वस्त गोळ्या बाजारात आल्या. डॉक्टरांना घटकाचं नाव लिहून मागा, जनऔषधी केंद्रात विचारा.

खोटं निघालं तर

पेटंट नसताना ‘पेटंटेड’ म्हणणं, किंवा अर्ज नसताना ‘पेंडिंग’ म्हणणं, यावर कलम १२० नुसार दंड आहे. ऑगस्ट २०२४ पासून तो १० लाख रुपयांपर्यंत, आणि दावा चालूच ठेवला तर दिवसाला आणखी १,००० रुपये. देशाचं नाव न लिहिता नुसतं ‘पेटंटेड’ लिहिलं तर कायदा ते भारतातलंच पेटंट समजतो. म्हणून ‘आमचं अमेरिकेचं आहे’ ही पळवाट नंतर चालत नाही.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी देता येते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंदवता येते, तिथं मराठीत बोला. पैसे परत किंवा भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग: तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात, घटनेपासून २ वर्षांच्या आत, आणि मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. बियाण्याबद्दल कास्तकार ग्राहक आयोगात जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये स्पष्ट केलं आहे. बियाणं उगवलं नाही किंवा भेसळ निघाली तर मात्र आधी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज करून तक्रार निवारण समितीचा पंचनामा करून घ्या, आणि तो पीक मोडण्याच्या आत. वावर नांगरल्यावर पाहायला काही उरत नाही.

तक्रारी पडतात त्या कायद्याअभावी नव्हे, कागदाअभावी. त्यामुळे खरेदीच्या दिवशीच चार कामं उरकून घ्या. पक्कं बिल, त्यावर मालाचं पूर्ण नाव, लॉट क्रमांक आणि दुकानदाराची सही. ‘पेटंटेड’ लिहिलेल्या पत्रकाचा आणि डब्याच्या चारही बाजूंचा फोटो. व्हिडिओची जाहिरात असेल तर ती मोबाइलमध्ये उतरवून ठेवा, नुसती लिंक ठेवू नका. तक्रार झाली की लिंक उडते. आणि पिशवीतलं मूठभर बियाणं किंवा डब्यातलं थोडं औषध मूळ वेष्टनात, लेबलसकट, लेकराबाळांच्या हाती लागणार नाही अशा कोरड्या जागी हंगाम संपेपर्यंत ठेवा.